दुभंगलेली रोहिणी

(नभोवाणीवरील भाषण)



इ. स. १९३१ ची गोष्ट. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' ह्या विख्यात नियतकालिकांत प्रेटी नांवाच्या एका डॉक्टरांनीं एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें. ४२ वर्षांची एक स्त्री; उमासे आणि ओकाऱ्या ह्यांनीं ती बेजार झाली, तशांत तिच्या छातींत दुखूं लागलें, आणि अखेर तिला आकस्मिक मृत्यु आला. शवविच्छेदन केल्यावर दिसून आलें कीं, तिच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या एका रोहिणीची भिंत आंतल्याआंत दुभंगली होती. आज ज्या विकाराविषयीं आपणांशीं बोलण्याचें मीं योजिलें आहे, त्याची वैद्यकीय वाङ्मयांतील ही पहिली नोंद मानली जाते. ह्या विकाराचें इंग्रजी नांव लांबलचक आहे: 'स्पॉन्टेनियस करोनरी आर्टरी डिसेक्शन'. डॉक्टर मंडळी आद्याक्षरें जोडून त्याला 'स्कॅड' म्हणतात. मी आजच्यापुरतें त्याला 'रोहिणीभंग' म्हणेन. रोहिणी म्हणजे हृदयाकडून निघून शरीराला रक्त पोंचविणारी नळी, हें आपणांपैकीं पुष्कळांना शाळेंतल्या पुस्तकावरून आठवत असेल.

हृदयविकार म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. पन्नाशी उलटलेले, अंगानें सुटलेले, सिगारेट ओढणारे, मधुमेह किंवा रक्तदाब जडलेले एक गृहस्थ जिना चढतां चढतां छातीवर हात ठेवून मटकन् खालीं बसतात. हें चित्र खोटें नाहीं. हृदयविकाराचे बहुसंख्य झटके आजहि अशाच कारणांनीं येतात, आणि उतारवयांत स्त्रियांनाहि ते त्याच कारणांनीं येतात. पण ह्या चित्राचा एक दुष्परिणाम झाला आहे. ज्याचा चेहरा त्या चित्राशीं जुळत नाहीं त्याला हृदयविकार होणारच नाहीं, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि नकळत रुजून बसली आहे; आणि आम्ही डॉक्टर लोक तिच्यापासून अगदीं मुक्त आहोंत असें मला छातीवर हात ठेवून सांगतां येणार नाहीं.

आतां दुसरें एक चित्र पाहा. ४५ वर्षांची एक शिक्षिका. सडपातळ बांधा, रोज सकाळीं फिरावयास जाण्याचा नेम, कसलें व्यसन नाहीं, रक्तांत साखर नाहीं, कोलेस्टेरॉल बेताचें. मागल्याच आठवड्यांत माहेरीं एक दुःखद प्रसंग घडलेला. संध्याकाळीं स्वयंपाक करतांना छातीच्या मध्यभागीं एकाएकीं दडपल्यासारखें होतें, कळ डाव्या हातांत आणि जबड्यांत जाते, अंगाला दरदरून घाम फुटतो, मळमळूं लागतें. सासूबाई म्हणतात, "दुपारीं धड जेवली नाहींस, पित्त खवळलें असेल, आलें-लिंबाचें चाटण घे." यजमान म्हणतात, "चार दिवस मनाला लावून घेतलेंस, त्याचाच हा परिणाम." आणि ती स्वतः काय म्हणते? "एवढ्या पोळ्या आटपतें आणि मग जरा पडतें."

हें चित्र मीं कल्पनेनें रंगविलें आहे. परंतु त्यांत अशक्य असें कांहींच नाहीं, आणि घरांतल्या तिघांपैकीं कोणाच्याहि मनांत वाईट नाहीं. तिघेंहि तिच्या काळजीनेंच बोलत आहेत. मात्र त्या क्षणीं तिच्या हृदयाच्या स्नायूचा एक भाग रक्तावांचून तडफडत आहे, ही गोष्ट तिघांच्याहि ध्यानांत आलेली नाहीं.

तेव्हां आंत काय घडतें तें प्रथम पाहूं. हृदय हें रात्रंदिवस चालणारें एक पंप आहे; पण साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या ह्या पंपाच्या स्वतःच्या स्नायूंनाहि रक्त लागतें. तें पोंचविण्यासाठीं महारोहिणीच्या अगदीं मुळाशीं दोन रोहिण्या निघतात, एक उजवी व एक डावी. डावीच्या पुढें दोन मोठ्या शाखा होतात. हृदयाभोंवतीं त्यांचें जाळें मुकुटासारखें बसलेलें असतें, म्हणूनच लॅटिन भाषेंतील मुकुटवाचक शब्दावरून त्यांना 'करोनरी' हें नांव पडलें. ह्या रोहिण्यांचा व्यास मुळाशींहि चार-पांच मिलिमीटरांच्या आंतबाहेरच असतो. नेहमींच्या हृदयविकारांत त्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षें मेदाचा थर साचतो. एके दिवशीं तो थर फुटतो, त्या जागीं रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते.

रोहिणीभंगाची तऱ्हा निराळी. येथें मेदाचा थर नसतो; नळी स्वच्छ असते. पण रोहिणीची भिंत ही एकसंध नसून तिला तीन पदर असतात, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. अस्तर लावलेला लोकरीचा कोट डोळ्यांपुढें आणा. वर कापड, आंत गुळगुळीत अस्तर, मध्यें थोडें भरण. समजा, बाहींतील अस्तर एके ठिकाणीं उसवलें. तुम्ही घाईनें हात घातला कीं तो बाहींतून बाहेर निघण्याऐवजीं अस्तर आणि कापड ह्यांच्या मध्यें शिरतो. जितका जोर लावावा तितकें अस्तर अधिक फाटत जातें आणि खरी वाट चेपत जाते. रोहिणीभंगांत रक्ताचें असेंच होतें. भिंतीच्या पदरांमध्यें रक्त शिरतें, तेथें एक खोटी पोकळी तयार होते, ती फुगते आणि खऱ्या मार्गाला आंतून दाबून अरुंद करते. कधीं वाट थोडी अडते, कधीं संपूर्ण बंद होते. पलीकडच्या स्नायूला रक्त मिळेनासें झालें कीं परिणाम तोच: हृदयविकाराचा झटका.

पदरांमध्यें हें रक्त येतें कोठून, ह्याविषयीं दोन मतें आहेत. एक मत असें कीं, आंतल्या अस्तराला चीर पडते आणि वाहतें रक्त त्या चिरेंतून आंत घुसतें. दुसरें मत असें कीं, रोहिणीच्या भिंतीला स्वतःच्या पोषणासाठीं ज्या केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात, त्यांतली एखादी फुटते आणि भिंतीच्या पोटांतच रक्त साचतें. पावसाळ्यांत भिंतींत ओल मुरून गिलाव्याला फुगा येतो, रंगाला मात्र कोठें चीर नसते, तसा हा प्रकार. पुष्कळ रुग्णांच्या रोहिणींत अस्तराला चीर सांपडतच नाहीं. त्यामुळें अलीकडे दुसऱ्या मताकडे तज्ज्ञांचा कल अधिक आहे.

प्रेटी ह्यांच्या टिपणानंतर पुढें कित्येक वर्षें हा विकार डॉक्टरांना मृतदेहांतच भेटत राहिला. जिवंत माणसाच्या हृदयाच्या रोहिण्या पाहण्याचें साधनच नव्हतें. १९२९ सालीं जर्मनींत एबर्सवाल्डे येथें वेर्नर फोर्समान ह्या तरुण डॉक्टरनें स्वतःच्याच हाताच्या नीलेंतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलींत जाऊन छायाचित्र काढविलें. ह्या धाडसाची कदर व्हावयास १९५६ साल उजाडावें लागलें. त्या सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पुढें १९५८ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें डॉ. मेसन सोन्स ह्यांनीं हृदयाच्या रोहिणींतच रंगद्रव्य सोडून तिचें चित्र घेतलें, आणि आज शहरोशहरीं होणारी अँजिओग्राफी जन्मास आली.

मग तेव्हांपासून तरी हा विकार ओळखूं यावयास हवा होता. तसें झालें नाहीं, ह्याचें कारण मोठें मजेचें आहे. अँजिओग्राफींत रंगद्रव्याची सावली दिसते. भिंत दिसत नाहीं. नदीचें पात्र कोठें अरुंद झालें तें कळतें, कांठची जमीन कां सरकली तें कळत नाहीं. चीर पडून दोन समांतर प्रवाह दिसले तर प्रश्न नाहीं. पण असें थोड्याच रुग्णांत दिसतें. बहुतेकांत रोहिणी लांबवर, सारखी, गुळगुळीत निमुळती झालेली दिसते. असें चित्र पाहून कोणी म्हणे, रोहिणीच मुळांत बारीक आहे. कोणी म्हणे, ती आकसली आहे. कोणी म्हणे, सर्व ठीक आहे, घरीं जा. कॅनडांतील व्हँकूव्हर येथील डॉ. जॅकलिन सॉ ह्यांनीं २०१४ सालीं ह्या चित्रांचे तीन प्रकार पाडून दाखविले, आणि तो लांब निमुळता प्रकारच सर्वांत अधिक आढळणारा आहे हें स्पष्ट झालें. रोहिणीच्या आंत बारीकसा प्रकाशकिरण किंवा ध्वनिलहरी सोडून भिंतीचे पदर प्रत्यक्ष दाखविणारीं यंत्रेंहि आतां निघालीं आहेत. म्हणजे विकार नवा नाहीं. नवी आहे ती दृष्टि.

ती दृष्टि येण्यास आणखीहि एक गोष्ट कारण झाली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एकेका डॉक्टरला आयुष्यभरांत असा एखाददुसराच रुग्ण भेटे. 'फार दुर्मिळ आजार' म्हणून तो बाजूला सारला जाई. पण ज्यांना हा आजार झाला होता त्या अमेरिकेंतील कांहीं स्त्रियांनीं इंटरनेटच्या साहाय्यानें एकमेकींना शोधून काढलें. प्रत्येकीला डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, तुझ्यासारखी दुसरी सांपडणें कठीण. आणि येथें तर बायकांची रांग लागली! त्यांच्यापैकीं एकीनें २००९ सालीं मिनेसोटा संस्थानांतील मेयो क्लिनिकच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शॅरन हेझ ह्यांना गांठलें आणि विचारलें कीं, आम्ही इतक्या जणी आहोंत, आमच्यावर संशोधन कां होत नाहीं? ठिकठिकाणच्या रुग्णांचे कागद व चित्रें टपालानें मागवून एका ठिकाणीं अभ्यासतां येतील कीं नाहीं ह्याचा प्रयोग अवघ्या १२ रुग्णांवर झाला आणि २०११ सालीं तो प्रसिद्ध झाला. आज त्या नोंदणींत हजाराहून अधिक रुग्ण आहेत. शास्त्राच्या इतिहासांत रुग्णांनींच डॉक्टरांना बोट धरून नेल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत. त्यांत ह्याची गणना करावयास हरकत नाहीं.

२०१८ सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें आणि युरोपांतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघानें ह्या विकारावर विस्तृत निवेदनें काढलीं. त्यांतील कांहीं गोष्टी आपण ध्यानीं घेण्यासारख्या आहेत. ह्या विकाराच्या दर दहा रुग्णांपैकीं सुमारें नऊ स्त्रिया असतात. त्यांचें वय सरासरीनें ४४ ते ५३ च्या दरम्यान असतें. हृदयविकाराच्या सर्व रुग्णांत मिळून ह्याचें प्रमाण शेंकडा एक ते चार, म्हणजे थोडें. परंतु ५० वर्षांखालील स्त्रियांपुरतें पाहिलें तर त्यांच्या झटक्यांपैकीं शेंकडा ३५ पर्यंत झटके ह्या एकाच कारणानें येत असावेत, असा अंदाज आहे. आणि गरोदरपणांत किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या हृदयविकाराचें तर हें सर्वांत मोठें कारण आहे.

बाळंतपणाचा उल्लेख आला म्हणून येथें जरा थांबतें. असे बरेचसे झटके प्रसूतीनंतरच्या पहिल्या महिन्यांत, विशेषतः पहिल्या आठवड्यांत येतात. आपल्याकडे बाळंतिणीची सव्वा महिना काळजी घेण्याची चाल आहे. शेक-शेगडी, आळीव, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल, कशाचीहि कमतरता नसते. पण ह्याच सव्वा महिन्यांत तिनें छाती भरून आल्याची तक्रार केली तर 'वारा लागला असेल', 'दूध दाटलें असेल', 'बाळाला घेऊन घेऊन खांदा भरला असेल' अशीं उत्तरें तयार असतात. पुष्कळदां तीं बरोबरहि असतात. मात्र कळ जर छातीच्या मध्यभागीं असेल, दहा-पंधरा मिनिटें टिकली असेल आणि जोडीला घाम, धाप किंवा मळमळ असेल, तर तो निर्णय घरांतल्या वडीलधाऱ्यांचा नव्हे, तो कार्डिओग्रामचा.

हा विकार स्त्रियांनाच कां गांठतो? ह्याचें संपूर्ण उत्तर अजून हातीं आलेलें नाहीं. बाळंतपणाशीं असलेल्या संबंधावरून स्त्रीच्या शरीरांतील संप्रेरकांचा ह्यांत हात असावा असें मानतात. पुष्कळ रुग्णांच्या मूत्रपिंडांकडे किंवा मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतीहि सदोष आढळतात. त्या दोषास 'फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया' म्हणतात. अर्धशिशीचा त्रासहि अशा स्त्रियांत पुष्कळ दिसतो. २०१९ सालीं तर एक चमत्कारिक गोष्ट उजेडांत आली. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर 'पीएचएसीटीआर-१' नांवाचें एक जनुक आहे. त्याचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्या अंगीं असतो त्यांना मेदामुळें होणाऱ्या हृदयविकाराचा धोका कमी असतो. पण तोच प्रकार रोहिणीभंगाचा, त्या भिंतींच्या दोषाचा आणि अर्धशिशीचा धोका वाढवितो! एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेतलें. ह्यावरून हे दोन विकार केवळ वेगळेच नव्हेत, तर कांहीं अंशीं एकमेकांच्या उलट आहेत असें दिसतें. कोलेस्टेरॉल उत्तम, वजन उत्तम, म्हणून ह्या बाबतींत निर्धास्त राहतां येत नाहीं तें ह्यामुळेंच.

विकार अंगांत दबा धरून असतो. त्याला बाहेर यावयास कांहीं निमित्त लागतें. कॅनडांत ७५० रुग्णांची पाहणी झाली, ती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सुमारें निम्म्या रुग्णांनीं झटक्याआधीं मोठा मानसिक आघात किंवा ताण झाल्याचें सांगितलें. अति श्रम, जड वजन उचलणें, जोराचा खोकला, ओकाऱ्या हींहि निमित्तें होतात. १९३१ मधील त्या स्त्रीच्या उमाशांची आठवण आपणांस येथें होईलच. पुरुषांत अंगमेहनतीचें निमित्त अधिक, स्त्रियांत मनस्तापाचें.

पण येथें एक गल्लत होते, ती मला स्पष्ट केली पाहिजे. 'मनाला लावून घेतल्यामुळें छातींत दुखतें' हें वाक्य आपण दोन अर्थांनीं वापरतों. एक अर्थ, मनस्तापानें रोहिणीला इजा झाली. हा शास्त्राला धरून आहे. दुसरा अर्थ, दुखणें मनाचें आहे, खरें नाहीं. मन रमलें कीं जाईल. घरांत आणि दुर्दैवानें कधीं कधीं दवाखान्यांतहि हा दुसरा अर्थच गृहीत धरला जातो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली कीं त्यांतील 'ट्रोपोनिन' नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें आणि तें तपासणींत मोजतां येतें. नुसत्या समजुतीच्या चार शब्दांनीं तें खालीं येत नाहीं. दुःखाचा प्रसंग नुकताच घडला असेल तर छातींतल्या दुखण्याकडे कमी नव्हे, अधिक लक्ष दिलें पाहिजे.

आतां उपचाराकडे वळूं. हा विकार ओळखणें कां इतकें अगत्याचें आहे तें येथें कळून येईल. कारण ह्याचे उपाय नेहमींच्या हृदयविकाराच्या उपायांहून वेगळे आहेत, आणि कांहीं बाबतींत नेमके उलटे आहेत.

नेहमींच्या झटक्यांत डॉक्टर रोहिणींतून एक तार घालून, बारीक फुग्यानें वाट रुंद करून, तेथें 'स्टेंट' ह्या नांवाची जाळीदार नळी बसवितात. हा उपाय लाखों लोकांचे प्राण वांचवीत आला आहे. पण उसवलेल्या अस्तराचा कोट आठवा. तेथें हात चुकीच्या पदरांत गेला, तशी येथें तारहि खोट्या पोकळींत जाऊं शकते. फुगा फुगविला कीं आंतलें रक्त पुढें-मागें सरकून दुभंग लांबत जातो. मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं २०१४ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला, त्यांत अशा रुग्णांवर केलेल्या अँजिओप्लास्टींपैकीं निम्म्याहून अधिकांत अपेक्षित यश आलें नव्हतें. उलट, रक्तप्रवाह चालू असेल आणि प्रकृति स्थिर असेल, तर कांहीं न करतां सोडलेली रोहिणी कांहीं आठवड्यांत, महिन्या-दोन महिन्यांत, बहुतेकांच्या बाबतींत आपली आपण सांधली जाते. साचलेलें रक्त शोषलें जातें, अस्तर पुन्हां जागेवर बसतें. पुढें चित्र घेतलें तर येथें कांहीं घडलें होतें असें सांगूनहि खरें वाटूं नये.

म्हणून आज तज्ज्ञांचा सल्ला असा आहे कीं, शक्य तेथें हात आवरावा. रुग्णास कांहीं दिवस दवाखान्यांत नजरेखालीं ठेवावें. कारण पहिल्या आठवड्यांत दुभंग वाढण्याचा धोका असतो. रोहिणी पार बंद पडली, दुखणें थांबेना, रक्तदाब घसरूं लागला, किंवा डाव्या रोहिणीच्या मुळाशींच इजा असली, तर मात्र स्टेंट किंवा शस्त्रक्रिया ह्यांवांचून गत्यंतर नसतें. कांहीं न करणें हें कांहीं करण्याहून पुष्कळदां कठीण असतें. रुग्णाचे नातेवाईक बाहेर अस्वस्थ उभे असतात, 'डॉक्टर, लौकर कांहीं तरी करा' म्हणत असतात. अशा वेळीं 'आज आपण फक्त पाहत राहणार आहोंत' असें सांगण्यास डॉक्टरच्या अंगीं ज्ञान लागतें आणि नातेवाइकांच्या अंगीं विश्वास लागतो.

दुसरी गोष्ट गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनाची. जेथें अँजिओग्राफीची सोय जवळ नाहीं तेथें मोठ्या झटक्यांत पहिल्या कांहीं तासांत हें औषध देतात, आणि नेहमींच्या विकारांत तें देणें योग्यच आहे. रोहिणीभंगांत मात्र भिंतींतला रक्तस्राव त्यामुळें वाढूं शकतो. निदान निश्चित झालें असेल तर तें टाळतात. परंतु हें ऐकून कोणीं दवाखान्यांत जाऊन 'आम्हीं नभोवाणीवर ऐकलें आहे, हें औषध नको' असा हट्ट धरूं नये. निदान झालेलें नसतांना काय द्यावयाचें हा निर्णय समोर बसलेल्या डॉक्टरचाच. श्रोत्यांना एवढेंच करतां येईल कीं, रुग्ण तरुण स्त्री आहे, नुकतीच बाळंत झाली आहे, मोठा मनस्ताप झाला आहे, अर्धशिशी आहे, मधुमेह-रक्तदाब कांहीं नाहीं, ही माहिती विचारण्याची वाट न पाहतां सांगावी. 'हा रोहिणीभंग तर नसेल?' असा प्रश्न नम्रपणें विचारण्यासहि हरकत नाहीं. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाहीं.

घरीं काय करावें हें अगदीं थोडक्यांत सांगतें. वर सांगितलेलीं लक्षणें दिसलीं तर स्त्रीनें चालूं नये, जिना चढूं-उतरूं नये, पोळ्या तशाच टाकून बसावें किंवा पडावें. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. कार्डिओग्रामची सोय असलेल्या ठिकाणीं ताबडतोब न्यावें. पहिला कार्डिओग्राम निर्दोष आला म्हणून लगेच परत फिरूं नये. झटक्याच्या प्रारंभीं तो पुष्कळदां निर्दोष असतो. तो थोड्या थोड्या वेळानें पुन्हां काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची तपासणीहि कांहीं तासांच्या अंतरानें दोनदां करावी लागते. दोन्ही निर्दोष आल्या तर पित्ताचें निदान आनंदानें स्वीकारावें. एक संध्याकाळ वायां गेली, पैसे गेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांत चर्चा झाली, एवढेंच नुकसान.

आतां, दर जळजळीला दवाखाना गांठावा असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी करूं नये. जेवणानंतर नेहमीं होणारी, वांकल्यावर वाढणारी, ओळखीची जळजळ निराळी. पूर्वीं कधीं न झालेलें, एकाएकीं आलेलें, दडपणारें दुखणें निराळें. आम्हां बायकांना हा फरक बरोबर कळतो. अडचण कळण्याची नाहीं. घरांत सांगण्याची आहे.

ह्यांतून उठलेल्या स्त्रीपुढें पुष्कळ प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न, पुन्हां होईल काय? होऊं शकतें, निरनिराळ्या पाहण्यांत दहांपैकीं एक ते तीन रुग्णांस पुढील कांहीं वर्षांत पुन्हां असा झटका आल्याचें आढळलें आहे, आणि तो बहुधा दुसऱ्याच रोहिणींत येतो. रक्तदाब वाढलेला असला तर हा धोका अधिक. 'बीटा-ब्लॉकर' वर्गांतील औषधें घेणाऱ्यांत तो कमी दिसला आहे. म्हणून रक्तदाब ताब्यांत ठेवणें ही पहिली गोष्ट. कोलेस्टेरॉलचीं औषधें मात्र ह्या विकारापुरतीं लागत नाहींत. कोलेस्टेरॉल वेगळ्या कारणानें वाढलें असेल तरच तीं घ्यावयाचीं. मूत्रपिंडांच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांचीं चित्रें एकदां काढून घ्यावीं असें तज्ज्ञ सुचवितात. पुन्हां दिवस राहूं द्यावेत कीं नाहीं, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ ह्या दोघांशीं बोलूनच करावा. कांहीं स्त्रियांचीं पुढचीं बाळंतपणें सुखरूप झालीं आहेत, कांहींना पुन्हां झटका आला आहे. व्यायाम बंद करूं नये, फक्त जड वजनें व दम कोंडून करावयाचे श्रम टाळावेत. चालण्यास मनाई नाहीं.

दुसरा प्रश्न भीतीचा. ज्या स्त्रीनें कांहींच चुकीचें केलें नव्हतें, तिला झटका आला. तेव्हां पुढें कशावर भरंवसा ठेवावा, हेंच तिला कळेनासें होतें. रात्रीं छातींत जरा टोंचलें कीं ती उठून बसते. मेदाचा विकार झालेल्या माणसाला निदान सिगारेट सोडतां येते, तूप कमी करतां येतें; हिला सोडण्यासारखें कांहीं नसतें. अशा वेळीं 'आतां सगळें ठीक आहे ना, मग कशाला घाबरतेस?' असें म्हणण्यापेक्षां घरच्यांनीं तिच्याबरोबर रोज अर्धा तास फिरावयास जावें, तें अधिक उपयोगी पडतें. भीति फारच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यांत कमीपणा नाहीं.

शेवटीं एक साधी सूचना. दवाखान्यांतून निघतांना अँजिओग्राफीची चकती आणि निदानाचा कागद मागून घ्यावा, आणि त्या कागदावर नुसतें 'हृदयविकाराचा झटका' असें न लिहितां विकाराचें पूर्ण नांव लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें. गांव बदलतें, डॉक्टर बदलतात. दहा वर्षांनीं नव्या डॉक्टरच्या हातीं जुन्या अर्धवट नोंदीचा कागद पडला तर तो तिला मेदाचा रोगी समजून औषधें चालूं करील. ती चकती कपाटांत दागिन्यांच्या डब्याशेजारीं ठेवली तरी चालेल. कोठें ठेवली आहे तें मात्र घरांतल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावें.